लेबल नसलेलं बटण: मुलींच्या आरोग्याचं एक ॲप आमच्या वसतिगृहात

सोलापूर जिल्ह्यात दृष्टिहीन मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे मी अधीक्षिका. एकोणतीस मुली, स्वयंपाकाला दोन मावश्या, आणि रात्री दाराला कडी घालायला मी. मलाही अकराव्या वर्षापासून दिसत नाही. म्हणजे पहिली पाळी आली तेव्हा दिसत नव्हतंच. आईने परकराला हात लावून पाहिला, "आली गं" म्हणाली आणि कोपऱ्यात पोतं अंथरलं. माझं आरोग्यशिक्षण तेवढ्यावर संपलं.

जूनमध्ये एका संस्थेच्या दोन ताई आल्या आणि ऑफिसच्या फोनवर किशोरवयीन मुलींसाठीचं आरोग्याचं ॲप टाकून गेल्या. मोफत, मराठीत, आणि "सगळ्या मुलींसाठी". हे शेवटचं त्या तीनदा म्हणाल्या. जून ते ऑक्टोबर मी सात मुलींना घेऊन ते वापरलं. सगळ्या सहावी ते नववीतल्या. नावं लिहीत नाही, आमच्याकडे गावावरूनच हाक मारायची पद्धत आहे. ॲपचंही नाव देत नाही. त्यांना दोन मेल केल्या आहेत, दुरुस्ती करतो म्हणालेत, तोवर चारचौघांत कशाला.

सुरुवात दारापासून. ॲप उघडलं की मोबाइल नंबर मागतं, मग ओटीपी. आमच्या मुलींचे नंबर म्हणजे त्यांच्या वडिलांचे नंबर. बार्शीच्या पोरीने हौसेने नंबर घातला आणि ओटीपी गेला बार्शीला, भुसार दुकानात, वडिलांच्या खिशात. पाच मिनिटांत मला फोन. "मॅडम, कसला ओटीपी आलाय? बँकेचा का? मी कुणाला सांगत नसतो." त्यांचं काय चुकलं, बँकवाले रोज तेच बजावतात. म्हटलं, अभ्यासाचं ॲप आहे. "कसला अभ्यास?" गिऱ्हाइकं समोर उभी असलेल्या माणसाला फोनवर 'पाळीचा' म्हणून सांगू? म्हटलं, आरोग्याचा. पोरगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. त्यानंतर आठ दिवस तिने फोनला हात लावला नाही.

मग माझा नंबर घातला. पण एका नंबरावर एकच खातं. सात मुली, एक खातं, एक कॅलेंडर. प्रत्येकीने आपापली तारीख त्यातच टाकली. ऑगस्टमध्ये ॲपने हिशोब मांडून कळवलं, "तुमची पाळी अनियमित दिसते, कृपया डॉक्टरांना भेटा." पोरींची हसून हसून मुरकुंडी वळली. मंगळवेढ्याची म्हणाली, "ताई, महिन्यातून चारदा येतीय म्हणल्यावर ते तरी काय करल बिचारं."

हे जमण्यासारखं नाही, असं नाही. युनिसेफचं 'ओकी' नावाचं ॲप आहे, इंडोनेशिया आणि मंगोलियातल्या मुलींबरोबर बसून केलेलं. त्यात फोन नंबर लागत नाही, टोपणनाव आणि पासवर्ड पुरतो, एकाच फोनवर अनेक जणी आपलं आपलं खातं ठेवू शकतात. घरात फोन एक आणि हात पाच, ही गोष्ट करणाऱ्यांनी आधीच धरून चालली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. ठीक आहे. पण चार मिनिटांचा धडा ऐकायला माहिती घ्यावीच कशाला? रेडिओ कुणाचा नंबर विचारत नाही.

आता आत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही फोन टॉकबॅकवर चालवतो. काचेवर बोट सरकवलं की खाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप करायचं. आमच्या मुली तो इतक्या वेगात ऐकतात की पाहुण्यांना ती मराठी आहे हेच कळत नाही. तर या ॲपच्या पहिल्या पानावर बोट सरकवलं आणि आवाज आला, "लेबल नसलेले बटण." पुढे, "लेबल नसलेले बटण." असं सहा वेळा. डोळसांना तिथे सुंदर चित्रं दिसतात म्हणे, फूल, पुस्तक, थेंब. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या फुलामागे दोन शब्द टाईप केले असते तर फोनने ते वाचले असते. तेवढंच काम असतं. आम्ही मग चाळीतल्या खोल्यांसारखं पाठ केलं. तिसरं लेबल नसलेलं म्हणजे गोष्टी, पाचवं लेबल नसलेलं म्हणजे प्रश्नपेटी. पोरी म्हणायला लागल्या, "ताई, पाचव्यात जाऊन येते."

कॅलेंडरचं दुखणं त्याहून मोठं. पाळीचे दिवस लाल, पुढची पाळी येण्याची शक्यता असलेले दिवस गुलाबी, बाकी पांढरे. फोन वाचतो, "चौदा, बटण. पंधरा, बटण. सोळा, बटण." लाल काय आणि गुलाबी काय, सगळ्या तारखा सारख्याच. 'चौदा ऑगस्ट, पाळीचा दुसरा दिवस' एवढं त्या चौकोनामागे लिहिलेलं असतं तर हे कॅलेंडर आमच्या मुलींना कुणापेक्षाही जास्त उपयोगाचं होतं. कारण डाग पडलाय का हे आम्हाला बघून कळत नाही, म्हणून दिवस आधीपासून माहीत असणं हीच आमची सोय. शेवटी आम्ही आमच्या जुन्याच पद्धतीवर आलो, दोऱ्याला रोज रात्री एक मणी. पाळीच्या दिवशी मोठा लाकडी, एरवी बारीक काचेचा. बोटाने मोजायचं. एकवीस ते पंचेचाळीस मण्यांच्या मध्ये कुठेही पुढचा मोठा मणी आला तर सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत घाबरायचं कारण नाही. हा आकडा मात्र ॲपच्याच धड्यातला, आणि बरोबर दिलाय. अठ्ठावीस दिवसांचं तुणतुणं त्यांनी वाजवलेलं नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

शरीराच्या धड्यात चित्रांवर सगळी भिस्त. "खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे" असं बाई गोड आवाजात सांगतात आणि आकृतीवर बोट नेलं की फोन म्हणतो, "आयएमजी अंडरस्कोर शून्य सात फायनल." अक्कलकोटच्या पोरीला वाटलं, हे त्या अवयवाचंच शास्त्रीय नाव. दोन दिवस ती पाठ करत होती. तिचं घर कानडी, मराठी शाळेत शिकलेली. तिने कुठल्याही नव्या शब्दावर विश्वास ठेवला असता.

गर्भाशय "उलट्या नाशपातीसारखे" असतं, असं एक वाक्य होतं. नाशपाती आमच्या मुलींनी कधी हातात घेतलेली नाही. बाजारातून पेरू आणला, निमुळत्या बुडख्याचा, देठाची बाजू खाली करून प्रत्येकीच्या मुठीत दिला. "एवढंच?" हा पहिला प्रश्न. त्यांना ते कलिंगडाएवढं वाटत होतं, पोटात मूल मावतं म्हणून. पुढचं वाक्य, "गर्भाशयाचे अस्तर गळून पडते." बार्शीची म्हणाली, "अस्तर म्हणजे पंजाबी ड्रेसच्या आतलं असतं ते?" मी म्हटलं, अगदी तेच. दर महिन्याला नवं शिवायचं, पाहुणा आला नाही तर उसवून टाकायचं. तिने आपल्या कुडत्याच्या आत हात घालून अस्तर चाचपलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर बाकीच्या सहा जणींना तिनेच समजावलं, माझ्यापेक्षा बरं. ॲप लिहिणाऱ्यांच्या हातात हा शब्द आयताच होता. त्यांनी तो लिहिला आणि पुढे निघून गेले.

आता चांगलं. तिसरं लेबल नसलेलं, म्हणजे गोष्टी. चार-चार मिनिटांच्या बारा गोष्टी, नुसत्या आवाजाच्या. चित्र नाही, त्यामुळे हुकण्यासारखं काही नाही. एक आत्या आणि तिची भाची गच्चीवर कुरडया वाळत घालताना बोलतात. त्यात आत्या "कावळा शिवला" म्हणते आणि भाची विचारते, कावळ्याचा काय संबंध. यावर आमच्या सर्वांत धाकटीने गोष्ट थांबवून विचारलं, "ताई, पण आपल्याला कावळा दिसतच नाही. शिवला ते कळणार कसं?" कावळा, विटाळ, लोणचं, देवघर या सगळ्यावर मग रात्री साडेदहापर्यंत गप्पा झाल्या. लोणच्याची बरणी मी दुसऱ्या दिवशी पाळी आलेल्या मुलीकडूनच काढून घेतली, दिवाळीपर्यंत लोणचं शाबूत होतं.

गोष्टींची मराठी चांगली आहे. मजकुराची नाही. मजकुरात "शोषक साहित्य", "मासिक पाळी स्वच्छता व्यवस्थापन", "श्वेतस्राव". गोष्टीत तीच आत्या म्हणते, "अंगावरून पांढरं जातं का गं?" आणि पोरी कान टवकारतात. दोन्ही लिहिणारी माणसं एकाच ऑफिसात बसतात का, मला शंका आहे.

प्रश्नपेटीही चांगली. बोलून प्रश्न ठेवायचा, दोन-तीन दिवसांत डॉक्टर बाईंचं बोलून उत्तर येतं. आम्ही नऊ प्रश्न टाकले, सात उत्तरं आली. मंगळवेढ्याच्या मुलीने विचारलं होतं की पहिल्या दिवशी पोट इतकं दुखतं की शाळा बुडते, गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही हे खरं का. उत्तरात बाई म्हणाल्या, तसं काही नसतं, गरम पाण्याच्या पिशवीने शेक, गोळी उपाशीपोटी नको आणि कुठली घ्यायची ते आरोग्य केंद्रात विचारून घे. पण दर महिन्याला शाळा बुडत असेल तर दाखवलंच पाहिजे, "सहन करू नकोस, बाळा." ते 'बाळा' तिने आठ-दहा वेळा ऐकलं असेल. आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणलं, आता बरं आहे.

लोहाचा धडा मधलाच. १५ ते १९ वयाच्या मुलींत देशभरात ५९ टक्क्यांना रक्त कमी, हा पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा त्यांनी आलेखात ठेवलाय, आणि आलेख म्हणजे फोनच्या भाषेत "प्रतिमा". तो मला बाहेरून माहीत होता म्हणून सांगू शकले. खायला काय, तर पालक, ब्रोकोली, किनोआ. आमच्या ताटात भाकरी, मेथी, हुलग्याचं माडगं, शेंगाचटणी आणि गूळ. यातलं एकही नाव धड्यात नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी "निळी गोळी" म्हणून सांगितलीय. निळी! जेवणानंतर घ्यायची, लगेच वर चहा प्यायचा नाही, शौचाला काळी होते म्हणून घाबरायचं नाही, हे सांगितलं असतं तर कामाचं होतं. त्यातलं पहिलंच तेवढं आहे.

पॅडचा धडा व्हिडिओ आहे. संगीत वाजतं, अक्षरं सरकतात, एकही शब्द बोलला जात नाही. दीड मिनिट आम्ही सतार ऐकली. तेव्हा जे मी दर वर्षी शिकवते तेच शिकवलं. चड्डीला मागच्या बाजूला आतून दोऱ्याची एक गाठ मारून ठेवायची, म्हणजे पुढचं-मागचं कळतं. पॅडचा कागद काढला की चिकट बाजू बोटाला कळतेच. पंख असतील तर आधी मधला भाग दाबायचा, मग पंख दुमडायचे, नाहीतर ते एकमेकांना चिकटून बसतात. बदलायचं कधी हे डागावरून ठरवायचं नाही, घंटेवरून: नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, झोपताना. तासा-दोन तासांत पूर्ण ओलं होत असेल तर मला येऊन सांगायचं, रात्री दोन वाजता असलं तरी. या एका परिच्छेदात न दिसणाऱ्या मुलीचा पॅडचा धडा संपला, आणि दिसणाऱ्या मुलीलाही, पहाटे दिवे गेल्यावर, तो उपयोगी पडेल.

आता ज्यावर मला खरं भांडायचं आहे ते. सुरक्षित स्पर्शाचा धडा. शरीराची आकृती, काही भाग लाल, काही हिरवे. रंगांचं सोडा. धडा सांगतो, "अनोळखी व्यक्तीने हात लावल्यास मोठ्याने ओरडा आणि तिथून पळून जा." सोलापूरच्या एसटी स्टँडवर आमच्या मुलीला एका फेरीत दहा अनोळखी हात लागतात. कुणी दंड धरून गाडीत चढवतं, कुणी खांद्याला धरून रांगेत उभं करतं, कुणी काही न विचारता रस्ता ओलांडून देतं, तिला ओलांडायचा असो वा नसो. या सगळ्यांवर ती ओरडली तर तिला कुणी पुन्हा मदत करणार नाही. नाही ओरडली तर अकरावा हात कसला आहे, हे तिने कशावरून ओळखायचं? आणि पळून कुठे जायचं, पांढरी काठी घेऊन?

आम्ही हे वेगळं शिकवतो. माझा हात कुणी धरायचा नाही, मी त्याचा कोपर धरणार. तो पुढे, मी अर्धं पाऊल मागे. चालण्याची ही रीत आमच्या सगळ्याच शाळांत शिकवतात, पण तिच्यात आरोग्याचा धडा आहे हे आमच्याही लक्षात उशिरा आलं. कुणी दंड धरला की त्याचा हात शांतपणे सोडवायचा आणि म्हणायचं, "काका, मी तुमचा कोपर धरते." भला माणूस लगेच कोपर पुढे करतो. ज्याला कोपर द्यायचा नसतो, हातच धरायचा असतो, तो तिथेच कळतो. मग आवाज चढवायचा, कंडक्टरला हाक मारायची, आणि इथे आल्यावर मला सांगायचं. मी कुणाला आणि कसं सांगायचं ते मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ठरवून दिलंय, तिथे माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री सातही जणींनी व्हरांड्यात एकमेकींवर सराव केला, एक काका, एक मुलगी. अक्कलकोटची अशी खमकी निघाली की मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झालं म्हणून.

हा धडा त्यांना मी मेलमध्ये जसाच्या तसा लिहून पाठवलाय, वापरा म्हटलं, माझं नाव नको.

ॲपमध्ये आयांसाठी काही नाही, हेही लिहिलं. गणपतीच्या सुट्टीला न्यायला आलेली एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हिची पिशवी काढून टाकता येती का? तुम्हालाबी तरास, तिलाबी." ती वाईट बाई नाही. रोज पहाटे द्राक्षाच्या बागेत जाते, पोरीला धुऊन-नेसवून कोण बघणार, हा तिचा प्रश्न. पण १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं याच 'तरासा'पायी काढली होती, आणि ते ज्यांनी केलं त्यांनाही आपण भलंच करतोय असं वाटत होतं. मी त्या माउलीला काही कायदा सांगत बसले नाही. तिच्या मुलीला हाक मारली, पॅड बदलून, जुनं कागदात गुंडाळून, हात धुऊन ये म्हटलं. चार मिनिटं लागली. आई दाराशी उभी राहून बघत होती. नंतर तिने विचारलं, ते गाठ मारायचं कसं म्हणालात? अशा बाईसाठी एक चार मिनिटांची गोष्ट का नसावी, त्याच आत्याच्या आवाजात.

माझी एक मैत्रीण कर्णबधिर मुलांच्या शाळेत आहे. तिने तेच ॲप तिथे लावून पाहिलं. गोष्टींना लिखित मजकूर नाही, त्यामुळे आम्हाला जे सर्वांत आवडलं ते तिच्या मुलींपर्यंत पोचलंच नाही, आणि आम्हाला सतार वाटलेला पॅडचा व्हिडिओ त्यांना बरा समजला. सांकेतिक भाषा कुठेच नाही. 'सगळ्या मुलींसाठी' या शब्दाचे आम्ही दोघींनी असे अर्धे-अर्धे वाटून घेतले.

२०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात प्रजनन आरोग्याची माहिती मिळण्याचं वेगळं कलम आहे, दहावं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दुसऱ्या मेलमध्ये मी हे दोन्ही घातलं. पहिल्या मेलला "आपल्या बहुमोल सूचनांबद्दल आभार" आलं होतं, दुसऱ्यानंतर एका मुलाचा फोन आला. बिचारा चांगला होता. त्याने टॉकबॅक पहिल्यांदा माझ्याशी बोलतानाच चालू केला, आणि मग त्याला तो बंद करता येईना. मीच सांगितलं, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धर.

तारे द्यायचे तर पाचपैकी अडीच. दोन तारे त्या आत्याच्या गोष्टींना, अर्धा त्या 'बाळा'ला. शेजारी कुणी डोळस किंवा अनुभवी बाई असेल तर जरूर वापरा, गोष्टींपासून सुरू करा, नंबर शाळेचा द्या. एकट्या मुलीच्या हातात देऊन मोकळं व्हायचं असेल तर अजून नको.

परवा अपडेट आलं. पोरी जेवण टाकून ऑफिसात जमल्या. अक्कलकोटचीने बोट ठेवलं, फोन म्हणाला, "बटण एक." पुढे, "बटण दोन." सहापर्यंत. आणि क्रम बदललाय. गोष्टी आता पाचव्यात आहेत.